ओदार्काच्या नावापुढचं शून्य

युक्रेनमधल्या प्रिलुकी गावच्या सरकारी धुलाईघरात ओदार्का सेमेनिव्ना ऐन तारुण्यात लागली, आणि तेव्हापासून तिचा आवाज खालच्या पट्टीत कुणी ऐकला नव्हता. यंत्रांच्या घरघरीवर बोलायची सवय. घरीही ती तशीच बोलायची. नवरा पानास म्हणायचा, "आमच्याकडे गुपित असं राहतच नाही. शेजारच्या कोंबड्यांनासुद्धा सगळं ठाऊक असतं." उंचीला बेताची, हाडापेराने दणकट, हात कोपरापर्यंत कायम लाल. इस्पितळाच्या चादरी, वसतिगृहाचे अभ्रे, अग्निशामक दलाचे कोट, सगळं तिच्या हाताखालून जायचं. मुकादमाशी तिचं वाजायचंच. कधी साबण निकृष्ट आला म्हणून, कधी कुणा बाळंतिणीला उभ्याचं काम दिलं म्हणून. तिच्या स्वतःच्या कामावरून मात्र कधी वाजलं नाही.

चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली त्या उन्हाळ्यात धुलाईघराच्या दारावर नावं लागली. भट्टीवर माणसं राबत होती, त्यांचे कपडे धुवायला बायका हव्या होत्या. त्या नावांत ओदार्का नव्हती, क्लाव्दिया होती. क्लाव्दिया म्हणजे ओदार्काची कूमा. ओदार्काच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी तिनेच हातावर घेतलं होतं, आणि आमच्याकडे हे नातं सख्ख्या बहिणीच्या वरचं. दुसऱ्या दिवशी क्लाव्दियाने मूत्रपिंडाच्या दुखण्याचा दाखला आणून दिला. तिचं नाव पुसून तिथे ओदार्काचं लिहिलं गेलं.

"तुझी मूत्रपिंडं कधी दुखली गं?" ओदार्काने सगळ्यांदेखत विचारलं.

क्लाव्दिया पाठ फिरवून यंत्राकडे वळली. ओदार्काने बोचकं बांधलं आणि बसमध्ये जाऊन बसली. त्यानंतर दोघींची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर असून बारा वर्षं त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत.

धुलाई चालायची ती चेर्नोबिलभोवतीच्या बंदी हद्दीजवळच्या एका गावात, रिकाम्या शाळेत. अंगणात ट्रक येऊन कपडे ओतून जायचे. यंत्रात टाकण्याआधी ते निवडावे लागत. बायका बुटक्या स्टुलांवर बसायच्या, ढिगावर ओणव्या होऊन एकेक सदरा उचलायच्या, खिसे उलटे करायच्या, पट्टे काढायच्या. खिशांत सूर्यफुलाच्या बिया असत, अर्धवट सिगारेटी असत, घरून आलेली पत्रं असत. धूळ नाकातोंडात जायची. मधूनच एक शिपाई किरणं मोजणारी, टकटक वाजणारी पेटी घेऊन यायचा आणि काही ढीग पुरायला काढायचा. पण तो यायच्या आत त्या ढिगांतलं निम्मं निवडून झालेलं असायचं.

भट्टीवरच्या माणसांच्या छातीच्या खिशात किरणं मोजणारं पेन्सिलीएवढं मापक असतं हे ओदार्काने खिसे निवडतानाच पाहिलं होतं. तिने धुलाईवर देखरेख करणाऱ्या कप्तानाला गाठलं.

"आम्हाला ते नाही का?"

"ते भट्टीजवळ जाणाऱ्यांसाठी. तुम्ही कपडे धुवायला आलाय, ओदार्का सेमेनिव्ना, लढाईवर नाही."

"मग लढाईच कपड्यांत बसून आमच्याकडे येते, तिचं काय करायचं?"

कप्तान हसला आणि निघून गेला. मापक काही मिळालं नाही. घरी परतल्यावर बायकांच्या कागदांवर किरणांच्या रकान्यात शून्य लिहिलेलं होतं.

पुढची काही वर्षं बरी गेली. मुलीचं लग्न झालं, देश बदलला, नोटा बदलल्या, धुलाईघराची निम्मी यंत्रं बंद पडली. मग ओदार्काच्या डोळ्यांचं काहीतरी विचित्र सुरू झालं. भर दुपारी, लख्ख उन्हात, तिला समोरचं धूसर दिसायचं. खिडकीपाशी बसून सुईत दोरा ओवता येईना. आणि संध्याकाळ झाली, उजेड मंदावला, की तीच नजर बरीचशी साफ व्हायची. लोकांना हे ढोंग वाटलं.

"दिवसा आंधळी आणि तिन्हीसांजेला डोळस," पानास म्हणाला. "मी घुबडाशी लग्न केलंय हे मला आधी कुणी सांगितलं नाही."

"घुबड तुझ्या डोक्यावर बसेल तेव्हा कळेल."

पण मनातून ती घाबरली होती. गावातल्या डॉक्टरने मोतीबिंदू सांगितला, वयामुळे होतो म्हणाला. तिची पन्नाशीसुद्धा उलटली नव्हती. चेर्नोबिलच्या आजारांची शहानिशा करणारी समिती होती, तिथे तिने अर्ज केला. समितीच्या अध्यक्षांनी कागद पाहिला, रकान्यातलं शून्य पाहिलं, आणि धुणाऱ्या बायका धोक्याच्या जागी नव्हत्याच असं सांगून तो परत केला.

"शून्य कुणी मोजलं?" ओदार्काने विचारलं.

"लिहिलेलं आहे."

"लिहिलेलं दिसतंय मला. संध्याकाळी तर छान दिसतं. मोजलं कुणी, ते विचारतेय."

तिला दारापर्यंत पोचवण्यात आलं.

त्याच वर्षीच्या शरदात कीवहून डोळ्यांच्या डॉक्टरांचं एक पथक प्रिलुकीच्या दवाखान्यात आलं. भट्टीवर काम केलेल्या माणसांचे डोळे ते गावोगाव तपासत होते. बोलावणं फक्त मापक असलेल्या पुरुषांना होतं. ओदार्का बोलावणं नसताना गेली आणि रांगेत उभी राहिली. गावाला कारखान्यातल्या तंबाखूचा वास नेहमीचाच, पण त्या दिवशी दवाखान्याच्या ओसरीत तो जरा जास्तच होता.

"ओदार्का सेमेनिव्ना, ही पुरुषांची रांग आहे," पुढचा एक ड्रायव्हर म्हणाला.

"माहीत आहे. तुमच्यातल्या निम्म्यांच्या चड्ड्या मी धुतल्यात. कुणाची कशी होती ते सांगू का इथे?"

रांगेने तिला वाट करून दिली.

तपासणाऱ्या बाईंचं नाव एम्मा दावीदिव्ना. चणीने लहान, केस पांढरे, बोटं सिगारेटने पिवळी पडलेली, बोलणं तुटक. त्यांनी यादीत नाव नाही हे पाहिलं, ओदार्काकडे पाहिलं, आणि एक शब्द न बोलता तिच्या डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घातले. मग हनुवटी टेकवायला लावून यंत्रातून बघितलं. उजवा डोळा, डावा डोळा, पुन्हा उजवा.

"साखर आहे का तुम्हाला?"

"चहात घालते तेवढीच."

"सांध्यांसाठी, दम्यासाठी कधी गोळ्या घेतल्यात? महिनोन्‌महिने?"

"नाही."

"काम कुठे केलंत?"

ओदार्काने सांगितलं. ढीग, स्टूल, खिसे, सगळं. एम्मा दावीदिव्नांनी खुर्ची मागे सरकवली.

"तुमचा मोतीबिंदू भिंगाच्या मागच्या बाजूला आहे, अगदी मधोमध. म्हणून उन्हात दिसत नाही. उजेडात बाहुली लहान होते आणि बरोबर त्या डागातूनच बघावं लागतं. म्हातारपणाचा असता तर बहुतेक वेळा दुसरीकडे सुरू होतो, कडेला नाहीतर गाभ्यात."

"मग मागे कसा गेला?"

"भिंगाच्या कडेला जन्मभर नव्या पेशी तयार होतात. त्या लांब होतात, आतलं सगळं टाकून देतात आणि काचेसारख्या स्वच्छ होतात. किरणांनी ज्या बिघडतात त्यांची काच होतच नाही. त्या तशाच अर्ध्याकच्च्या सरकत मागे जातात आणि मध्यावर जमतात. भिंगाला जुनं बाहेर टाकायची सोय नाही."

"टबाच्या तळाशी साबणाचा साका बसतो तसं."

"तसंच. फक्त हा टब उपडा करता येत नाही."

"म्हणजे किरणांमुळेच झालं. लिहून द्या."

"तसं मी म्हटलं नाही," एम्मा दावीदिव्ना म्हणाल्या. "साखरेने, गोळ्यांनीही नेमकं तिथेच होतं. कधीकधी कशानेही होतं. डोळ्यात बघून काय झालंय ते मला कळतं. कुणामुळे झालं ते एकट्या डोळ्यावरून सांगता येत नाही."

"मग कुणाला सांगता येतं?"

बाईंनी हनुवटीने शेजारच्या टेबलाकडे खूण केली. तिथे एक उंच, वाकलेला माणूस बसला होता, जाकिटाची बटणं एक घर चुकवून लावलेली. "लेव ह्नातोविच. पण त्यांना हजारो डोळे लागतात."

लेव ह्नातोविच आजारांचा हिशेब मांडणारे. कोणत्या लोकांत कोणता आजार किती, आणि तो नेमका त्यांच्यातच का, हे शोधायचं त्यांचं काम. माणूस मवाळ होता. त्यांनी ओदार्काचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला फार वाईट वाटतं. पण तुम्हाला यात घेता येणार नाही. तुमच्या अंगावर किरणं किती पडली ते माहीत नाही."

"कागदावर शून्य आहे. तेच लिहा आणि घ्या."

"ते तर मुळीच करणार नाही." पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा चढला. "हे बघा. एका बाजूला मी ज्यांच्यावर किरणं पडली ती माणसं ठेवतो, दुसऱ्या बाजूला ज्यांच्यावर पडली नाहीत ती. मग दोन्हीकडे मोतीबिंदू किती ते बघतो. तुम्हाला शून्य लिहिलं तर तुम्ही दुसऱ्या बाजूला जाल. म्हणजे किरणं नसतानाही मोतीबिंदू होतो, याचा पुरावा तुम्ही व्हाल."

ओदार्काने एका बोटावर एक बाजू धरली, दुसऱ्यावर दुसरी.

"म्हणजे माझाच डोळा माझ्याविरुद्ध साक्ष देणार?"

"तुमच्या आणि बाहेर रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांच्या विरुद्ध. म्हणून मी ती जागा रिकामी ठेवेन."

"रिकामी नाही ठेवायची. रिकामी म्हणजे मी तिथे नव्हतेच. शून्यही लिहायचं नाही आणि रिकामंही ठेवायचं नाही. मोजा."

"बारा वर्षांनी कसं मोजू?"

यावर बोलल्या त्या एम्मा दावीदिव्ना. पुरुषांच्या मापकांवरचे आकडे खरे होते का, हे पडताळायला कीवमध्ये त्यांचे काढलेले दात तपासत होते. दाताच्या वरच्या कवचात किरणांची खूण राहते, ती वर्षानुवर्षं जात नाही. दाढच हवी, पुढच्या दातांवर ऊन पडून मोजमाप बिघडतं. "पण चांगली दाढ उपटून आणलीत तर मी दारातूनच परत पाठवीन," त्या म्हणाल्या. "जी काढावीच लागणार आहे तीच."

अशी एक दाढ ओदार्काच्या तोंडात होती. तीन हिवाळे ती ठणकत होती, आणि मुकादमाला, कप्तानाला, समितीला न भ्यालेली ही बाई दातांच्या डॉक्टरला भीत होती. लवंग दाबून, मीठपाण्याच्या गुळण्या करून ती दिवस ढकलत होती. दवाखान्यातून निघाली ती थेट दातांच्या खोलीत गेली, हात खुर्चीच्या दांड्यांना घट्ट धरले आणि डॉक्टरला म्हणाली, "काढल्यावर बादलीत टाकायची नाही. माझी आहे ती."

तिच्याबरोबर गेलेल्यांपैकी तोस्याला तिने दुसऱ्याच दिवशी गाठलं. तोस्याही ढीग निवडायला होती, आणि तिलाही दिव्याभोवती काटे काटे दिसायला लागले होते. पण ती घाबरट. सुनेच्या माहेरी तिच्या चेर्नोबिलच्या कामाबद्दल सांगितलेलंच नव्हतं.

"नातवंडं व्हायची आहेत अजून, ओदार्का. लोक काय म्हणतील? आणि एवढं करून डोळा परत येणार आहे का?"

"नाही येणार."

"मग कशाला?"

"कारण आपण खोटं बोलतोय असं लिहून ठेवलंय, तोस्या. माझ्या तोंडावर म्हणाले असते तर मी उत्तर दिलं असतं. कागदाला कसं देऊ?"

तोस्या रडली, मग चहा केला, मग तयार झाली. तिच्या तोंडात मात्र एकही स्वतःचा दात उरला नव्हता. ओदार्काने अजून काही बायका गोळा केल्या आणि पथक परत आलं तेव्हा त्यांना घेऊन विजयी मुद्रेने दारात उभी राहिली. लेव ह्नातोविचनी त्या बायकांकडे पाहिलं, आणि एकीलाही आत न बोलावता विचारलं, "यांतल्या किती जणींना दिसायला त्रास आहे?"

"सगळ्यांना," ओदार्का अभिमानाने म्हणाली.

"म्हणजे तुम्ही त्रास आहे अशाच आणल्यात."

"मग काय धडधाकट आणू?"

"हो. तुमच्याबरोबर गेलेल्या सगळ्या आणा, डोळे कसेही असोत. आणि ज्या गेल्याच नाहीत, इथेच राहिल्या, त्याही आणा. तोच साबण, तीच वाफ, तेच वय, फक्त ते ढीग नाहीत. त्यांच्या डोळ्यांशी तुमचे ताडून बघितल्याशिवाय मी काहीच म्हणू शकत नाही. निवडून आणलेल्या आजाऱ्यांवर कुणी विश्वास ठेवणार नाही, ओदार्का सेमेनिव्ना. मीसुद्धा नाही."

ती त्यांना बरंच काही बोलली. दवाखान्याच्या ओसरीतल्या लोकांनी ते सगळं ऐकलं आणि काहींनी ते पुढे बरेच दिवस एकमेकांना सांगितलं. पण घरी आल्यावर, बटाटे सोलता सोलता, तिच्या लक्षात आलं की माणूस बरोबर बोलतोय. जो मुकादम फक्त मळलेल्या चादरी दाखवून "बघा, सगळा साबण वाया" असं म्हणतो, त्याच्याशी ती आयुष्यभर भांडली होती.

न गेलेल्यांतल्या बाकीच्या जणी सहज तयार झाल्या. एकच राहिली.

क्लाव्दियाच्या फाटकाशी ओदार्का गेली तेव्हा ती अंगणात कोबी चिरत होती, खारवायला. तिने मान वर केली, सुरी खाली ठेवली नाही.

"काय, मीही आंधळी झाले का बघायला आलीस?"

"नाही. तुझे डोळे चांगले असतील या आशेने आलेय."

क्लाव्दियाला हे समजलं नाही. ओदार्काने फाटकाबाहेरूनच, तिच्या परीने हळू आवाजात, सगळं सांगितलं. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या.

"म्हणजे मी गेले नाही म्हणून तुझ्या उपयोगाची," क्लाव्दिया म्हणाली.

"हो."

"बारा वर्षं तू मला रस्त्यात ओळख दाखवली नाहीस. मुलीच्या लग्नाला बोलावलं नाहीस. मी तिला हातावर घेतलं होतं, कूमा."

"तू दाखला आणलास."

"आणला. मला भीती वाटली होती. आणि माझ्या जागी तुला घालतील हे मला माहीत नव्हतं. कुणालातरी घालतील हे माहीत होतं." तिने कोबीचा चुरा एका बाजूला सारला. "हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. आता सांगितलं. तू माफ कर नाहीतर नको करू."

"अजून केलं नाही," ओदार्का म्हणाली. "गुरुवारी ये. डोळ्यांत थेंब घालतात, परतताना नीट दिसत नाही. मी बरोबर येईन."

गुरुवारी दोघी दवाखान्यातून परतल्या त्या एकमेकींचा हात धरून, कारण थेंबांमुळे एकीला आणि उन्हामुळे दुसरीला उंबरे दिसत नव्हते. क्लाव्दियाच्या भिंगात कडेने दोन बारीक रेघा होत्या, वयाच्या. मागची बाजू स्वच्छ होती.

हिवाळा संपता संपता दाढेचा निकाल आला. तो सांगायला लेव ह्नातोविच स्वतः आले, आणि पानासने समोर ठेवलेल्या बोर्श्चला, बीटच्या गरम रश्श्याला, त्यांनी बराच वेळ हात लावला नाही.

"शून्य नाही," ते म्हणाले. "पण कमी आहे. तुम्हाला वाटत होतं त्यापेक्षा बरंच कमी."

ओदार्का ताठ बसून राहिली. पानासने पहिल्यांदाच तिच्या वतीने तोंड उघडलं. "मग तिच्या डोळ्यात ते काय आहे?"

"तेच म्हणतोय. दाढ गालाच्या आत असते. आरपार जाणारी किरणं तिच्यापर्यंत पोचतात. कपड्यांवरच्या धुळीतून जी निघतात त्यांतली बरीचशी लांब जात नाहीत, कातडीत थोडी शिरली की संपतात. ती दाढेला लागायची नाहीत. पण डोळ्याचं भिंग अगदी वर असतं, त्याच्यापर्यंत जातात. ढीग तुमच्या तोंडापासून किती लांब होता, हे मला बघायचंय."

दुसऱ्या दिवशी धुलाईघरात इस्पितळाच्या चादरींचा ढीग घातला. ओदार्का बुटक्या स्टुलावर बसली आणि तेव्हा काम करायची तशी करू लागली. लेव ह्नातोविच गुडघे टेकून फीत धरत होते, भुवईपासून ढिगापर्यंत. मग तोस्या बसली, मग बाकीच्या. बायका आधी हसत होत्या. पण तोस्या ओणवी होऊन खिसे चाचपायला लागली, चादरींना खिसे नसतानाही, तेव्हा सगळ्यांचं हसू थांबलं. पुरलेल्या कपड्यांसारख्याच कपड्यांवरची तेव्हाची मोजमापं कीवमध्ये होती. त्यावरून प्रत्येकीच्या डोळ्यांवर किती पडलं असेल याचा अंदाज निघाला. अंदाज ढोबळ होता, हे त्यांनी लपवलं नाही. पण आता रकान्यात शून्य नव्हतं आणि जागा रिकामीही नव्हती.

वसंतात समितीने ओदार्काला पुन्हा बोलावलं. तिच्याबरोबर एम्मा दावीदिव्ना आणि लेव ह्नातोविच दोघं आले. अध्यक्ष तेच होते.

"किरणांमुळे झालं असतं तर तेव्हाच झालं असतं," अध्यक्ष म्हणाले. "इतक्या वर्षांनी कसं?"

"थोडी किरणं पडली की उशिरा होतं," एम्मा दावीदिव्ना म्हणाल्या. "आमच्याकडे प्रयोगात किरणं दिलेल्या उंदरांवर हेच दिसलं. जितकं कमी, तितकं उशिरा, आणि डाग तिथेच, मागे."

"या बाई उंदीर नाहीत."

"नाहीत. म्हणून हे आलेत."

लेव ह्नातोविचनी शांतपणे मांडलं. गेलेल्या बायकांत मागच्या बाजूचा मोतीबिंदू राहिलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त होता. ज्या ढिगाच्या जास्त जवळ बसल्या त्यांच्यात अजून जास्त. बायका थोड्या होत्या, त्यामुळे एवढ्यावरून छातीठोक सांगता येणार नाही. पण भट्टीवरच्या पुरुषांचं गणितही त्याच दिशेने जात होतं. "एकट्या उंदरांवरून माणसाचं ठरवता येत नाही आणि एकट्या आकड्यांवरून कारण ठरवता येत नाही," ते म्हणाले. "दोन्ही एकीकडेच बोट दाखवत असतील तर तिकडे बघावं लागतं."

"पण या बाईंचा मोतीबिंदू त्यामुळेच झाला, असं तुम्ही शपथेवर सांगाल?"

"नाही," लेव ह्नातोविच म्हणाले. "इतक्या बायकांत इतके जास्त झाले, हे सांगेन. त्यातला हा नेमका कोणता, हे कुणालाच सांगता येणार नाही."

अध्यक्षांनी शेजारच्यांशी कुजबूज केली. मग ते जरा मऊ झाले. ओदार्का सेमेनिव्नांची निदान दाढ आहे, म्हणाले. त्यांचा एकटीचा अर्ज मान्य करायला समितीची हरकत नाही. बाकीच्यांचं काही ठोस नाही, ते तूर्त बाजूला ठेवू.

मान्य होणं म्हणजे शस्त्रक्रिया सरकारी खर्चाने, निवृत्तिवेतनात वाढ, वर्षातून एकदा हवापालट. तोस्या बाहेर बाकावर बसली होती. दार उघडंच होतं.

"यांनी आत्ताच काय सांगितलं ते तुम्ही ऐकलं नाही," ओदार्का म्हणाली, आणि कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ते ऐकू गेलं. "नेमकी कोणती ते सांगता येत नाही म्हणाले. मग तुम्ही मला कशी वेगळी काढता? माझी दाढ किडली आणि तिचे दात आधीच पडले म्हणून? एकाच ढिगावर बसलो होतो आम्ही. लिहायचं तर सगळ्यांचं लिहा. नाहीतर माझंही नको."

"विचार करा, ओदार्का सेमेनिव्ना. अशी संधी—"

"केला."

पानासने घरी बराच वेळ भांडी आपटली. "मला विचारलंस?"

"डोळे तुझे होते का?"

"बघावं मलाच लागतं," तो म्हणाला. आणि खरंच, पुढचं वर्षभर तोच तिचे डोळे झाला. वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचा, मधल्या बातम्या आपल्या मनच्या घालायचा आणि पकडला गेला की छपाईला दोष द्यायचा. दुपारी तिला रस्ता ओलांडता येत नसे. मुलीच्या बाळाचा चेहरा तिने पहिल्यांदा नीट पाहिला तो पडदे ओढून घेतलेल्या खोलीत. त्या दिवसांत तिला स्वतःच्या हट्टाचा पश्चात्ताप झाला नाही असं नाही. क्लाव्दिया कोबी घेऊन यायची तेव्हा एकदा ती म्हणालीही, "मूर्खपणा केला की काय मी?"

"केलास," क्लाव्दिया म्हणाली. "आता मागे फिरलीस तर दुप्पट मूर्ख दिसशील."

त्या दोघींनी मिळून अर्ज लिहिले. हस्ताक्षर क्लाव्दियाचं, शब्द ओदार्काचे, त्यांतले निम्मे क्लाव्दिया गाळायची. एम्मा दावीदिव्ना आणि लेव ह्नातोविच यांचं सगळं काम दरम्यान छापून आलं आणि बाहेरच्या तज्ज्ञांनी ते तपासलं. वर्ष उलटलं, आणि समितीने ढीग निवडणाऱ्या सगळ्या बायकांचे अर्ज एकदम मान्य केले. तोस्याला कागद मिळाला तेव्हा तिने तो सुनेच्या आईला स्वतः नेऊन दाखवला.

ओदार्काच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया एम्मा दावीदिव्नांनीच केली. पट्टी निघाल्यावर समोर क्लाव्दिया होती.

"तू किती म्हातारी झालीस, कूमा," ओदार्का म्हणाली.

"आरसा देऊ का तुला?"

समितीने त्या शाळेत इस्त्री करणाऱ्या बायकांना मात्र वगळलं होतं. त्यांच्याकडे कपडे धुऊन यायचे, म्हणून. त्यांच्यातल्या ख्रिस्त्याला भर उन्हात दिसेनासं झालं होतं. ओदार्काने तिला विचारलं की धुतलेले कपडे पेटीसमोर धरले की पेटी गप्प असायची का. ख्रिस्त्या म्हणाली, कमी वाजायची, पण वाजायची. ओदार्काने लेव ह्नातोविचना फोन लावला, मग दातांच्या डॉक्टरला सांगून ठेवलं, आणि डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया व्हायच्या आतच ख्रिस्त्याला घेऊन समितीच्या दारात उभी राहिली.

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमचं काम तर झालंय, ओदार्का सेमेनिव्ना."

"झालंय," ती म्हणाली. "म्हणून आता वेळच वेळ आहे." आणि ख्रिस्त्यासाठी तिने खुर्ची ओढली.